नावाआधीचे अक्षर

सरकारी योजनेतले घर बांधून झाले की दर्शनी भिंतीवर लाभार्थ्याचे नाव रंगवतात. परवा आमच्या गावात असे एक नाव रंगवताना पाहिले. घरकुल सुभद्राबाईंच्या नावावर मंजूर झाले होते. घरावर छत चढायच्या आधीच त्या वारल्या.

स्टुलावर चढलेल्या पेंटरने त्यांच्या नवऱ्याला विचारले, "आबा, नावाआधी 'कै.' टाकू ना?"

"म्हंजे?"

"कैलासवासी. गेलेल्या माणसाला लावतात."

आबा म्हणाले, "जन्मभर गळक्या पत्र्याखाली ऱ्हायली ती. आता पक्कं घर झालं, तर तिचा पत्ता कैलासावर टाकतो व्हय रं? नुसतं नाव लिही."

पेंटरने नुसते नाव लिहिले.

घर पूर्ण झाले, अशी सरकारी नोंद होईल. छत आहे, दार आहे, नावही आहे. नोंद खोटी म्हणता येणार नाही. मात्र घराची वाट पाहण्यात जे आयुष्य संपले, त्याला त्या नोंदीत जागा नाही.

रंग ओला होता. आबांनी नावाखाली चपला काढल्या आणि आतून कुणी 'या' म्हणेल, असे उंबऱ्याशी थांबून राहिले.