समजसर आणि सदर बोका

आमच्या समजसरांना वहीत नोंद केल्याशिवाय रागावताच येत नसे. बाकीची माणसं आधी ओरडतात आणि मग विचार करतात. सर आधी खिशातलं पेन काढत, ते झटकत, वही उघडत, वर तारीख घालत आणि मगच डोळे मोठे करत. तोवर समोरच्याची बोबडी वळलेली असे.

किनवटच्या आमच्या निवासी शाळेत ते वसतिगृहाचे अधीक्षक होते. त्यांच्या लांबट वहीत चार रकाने असत: नाव, ठिकाण, गुन्हा आणि कार्यवाही. पहिले तीन रकाने रोज बदलत, चौथा कधीच नाही. तिथं वर्षानुवर्षं एकच मजकूर, 'समज दिली.' म्हणून ते समजसर. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं.

हातात छडी कधी धरली नाही त्यांनी. "मारणं सोपं हाय, समज देणं अवघड," असं म्हणायचे. समज म्हणजे काय, तर पाऊण तास उभं करून भाषण. त्यात शिस्त यायची, आईबापाचे कष्ट यायचे, देशाचं भवितव्य यायचं, आणि पोरगं मनात म्हणत असायचं की सर, दोन ठेवून द्या पण सोडा! नव्यानं आलेलं एखादं पोरगं जेवत नसलं की मात्र हेच सर ताट घेऊन त्याच्याशेजारी मांडी घालून बसत. "उगं रडू नको," म्हणत, "रडलं की भूक लागती, आन् तोवर वरण संपतं." दर रविवारी सगळ्यांची नखं स्वतः कापत. दीडशे पोरांची नखं. आता डॉक्टर म्हणून मी म्हशीचे खूर बघतो तेव्हा कळतं, ते काय काम होतं.

तर मी जनावरांचा डॉक्टर झालो आणि बदल्या होत होत अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात येऊन पडलो. सर निवृत्त होऊन याच गावात राहतात हे मला माहीत नव्हतं. एका शनिवारी सकाळी दवाखान्यासमोर दोन म्हशी, एक लंगडी शेळी आणि त्यांच्यामागं रांगेत पांढराशुभ्र सदरा घातलेले समजसर उभे. काखेत वही. सोबत जनावर कुठलंच नाही.

"सर! तुम्ही? आत या की."

"न्हाई. रांग हाय." शेळीचं होईपर्यंत जागेवरून हलले नाहीत. मग आत आले, खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "भास्कर, एका दाखल्यावर तुझी सही पाहिजे."

"पेशंट कुठंय?"

"आरोपी घरी हाय."

प्रकरण असं होतं. शेजारच्यांनी घर बदलताना एक बोका मागं ठेवला, तो काकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, पाळला. काकू त्याला बंड्या म्हणत. सर 'सदर बोका' म्हणत. तीन वर्षं गुण्यागोविंदानं गेली. महिन्याभरापासून मात्र बंड्या घरात कुठंही लघवी करत सुटला होता. पायपुसण्यावर, पोथीच्या पाटाखाली, एकदा तर सरांच्या चपलेत. घराला वास सुटला. लेकीनं लातुरातून येऊन नाकाला पदर लावला आणि त्याच पावली परत गेली.

सरांनी सर्व उपाय करून पाहिले होते. काकूंनी ऐकीव माहितीवरून दारात निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, तेव्हा "ही अंधश्रद्धा हाय" म्हणून सरांनी त्या काढायला लावल्या. आणि स्वतः काय केलं? पाटी लावली! 'येथे लघवी करू नये. हुकुमावरून.' तीही फरशीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे बोक्याच्या नजरेला पडावी. "त्याला वाचता येत न्हाई हो," काकू म्हणाल्या. त्यावर सर म्हणाले, "तुम्ही वाचून दाखवा. नियम आधी सांगावा लागतो, मग शिक्षा." काकूंनी खरंच दोनदा वाचून दाखवलं म्हणे.

पाटीनं काही झालं नाही. मग फिनेल आलं. सकाळ-संध्याकाळ फिनेलनं पुसायचं. पण त्या वासावर दुसऱ्या कुणा मांजराची खूण समजून बोका तिथंच पुन्हा जातो, हे सरांना कोण सांगणार? मग ओल्या जागी नेऊन त्याचं नाक टेकवायचं आणि समज द्यायची. पाऊण तास. बोक्याला!

"आता शेवटचा उपाय," सर म्हणाले. "उद्या सकाळी मार्केट यार्डात सोडणार. तिथं धान्य हाय, उंदीर हायत, उपाशी मरणार न्हाई. पण मंडळी ऐकंनात. म्हणतात, तो गेला तर मी बी चालले लेकीकडं. तीन दिवस झाले, माझ्याशी बोलत न्हाईत. म्हणून म्हणलं, तज्ज्ञाचा कागद असावा. 'सदर बोका सुधारण्यापलीकडे आहे,' एवढंच लिही. कागद बघितला की त्या ऐकतील."

शाळेतनं काढून टाकायचा दाखला, तोही मांजराचा, आणि सही माझी! मी हसू दाबत वही मागितली. तेच चार रकाने, तेच ठसठशीत अक्षर.

'सोमवार. पायपुसणे. अगदी थोडी. समज दिली.'

'मंगळवार. माझी चप्पल (डावी). समज दिली.'

'बुधवार. न्हाणीच्या कोपऱ्यात बराच वेळ बसून राहिला. थेंबभर. मुद्दाम छळण्याचा हेतू स्पष्ट. समज दिली.'

'गुरुवार. बसल्या जागी ओरडला. उलट बोलण्याची सवय लागली आहे. समज दिली.'

खरं सांगतो, वाचताना हसू येत होतं आणि कानही तापत होते. कारण किनवटच्या त्या वहीत सातवीपर्यंत माझं नाव होतं. ठिकाण: अंथरूण. आठवड्यातून तीनदा तरी. वहीत 'समज दिली' एवढंच, पण भाषणानंतर भिजलेली वाकळ कुंपणावर टाकायची आणि ती वाळेपर्यंत तिच्याशेजारी उभं राहायचं. सगळी शाळा प्रार्थनेला समोरून जायची. किनवटच्या थंडीत वाकळ काही लवकर वाळत नाही. तिथं उभं राहून मी सरांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, त्याची मोजदाद नाही. मुद्दाम कोण करतं हो असं? पण हे सरांना विचारायची माझी काय टाप!

मी पान उलटलं. शेवटची नोंद कालची होती.

'शुक्रवार. दिवसभरात सहा वेळा बसला. काहीही केले नाही. सुधारणा म्हणावी, तर जेवणही सोडले. उपोषणाचे दबावतंत्र. निर्णय कायम.'

माझं हसू तिथंच विरलं. "सर, कालपासून थेंबसुद्धा नाही?"

"एक न्हाई. म्हणूनच म्हणतो, मनात आणलं तर येतंय त्याला."

"सर, उठा. गाडीवर बसा."

"आरं पण दाखला—"

"उठा म्हणतो ना!" आयुष्यात पहिल्यांदा मी समजसरांवर ओरडलो, आणि ते निमूट उठले.

घरी बंड्या पलंगाखाली पडून होता. पोटाला हात लावला तर मूत्राशय टणक, टच्च भरलेलं. बोक्यांची लघवीची नळी बारीक असते. त्यात खर, म्हणजे वाळूसारखी बारीक कचकच, अडकते आणि लघवी तुंबते. आधी थेंब थेंब, मग जागा बदलून बदलून बसणं, मग ओरडणं, मग काहीच नाही. एवढं सगळं सरांनी वारांसकट टिपून ठेवलं होतं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांनीसुद्धा इतका सुबक तक्ता कधी केला नाही. फक्त अर्थ तेवढा उलटा लावला होता.

"दुपार झाली असती तर गेला असता," मी म्हणालो. काकूंनी बंड्याला पदरात गुंडाळून घेतलं.

"बैलाचं तुंबतं, हे ठाऊक हाय मला," सर हळू आवाजात म्हणाले. "मांजराचं बी तुंबतं?"

तसंच त्याला दवाखान्यात आणलं, तर तिथं सगळी म्हशींसाठीची अवजारं. बोक्याच्या मापाची नळी कुठून आणणार? सलाईनच्या सुईवरची बारीकातली बारीक प्लॅस्टिकची नळी घेतली. गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि सरांना म्हणालो, "मांडीवर घ्या, घट्ट धरा, हलू देऊ नका." सरांनी धरला. पहिल्या प्रयत्नाला नळी जाईना, दुसऱ्यालाही नाही. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. काकू कोपऱ्यात हात जोडून उभ्या होत्या. तिसऱ्यांदा थोडं सलाईन सोडून बघितलं, आतली खर हलली आणि लालसर लघवीची धार सुटली ती थेट सरांच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर.

"झाली! झाली गं बाई!" काकू नाचायच्याच बाकी होत्या. सर जागचे हलले नाहीत. धोतर भिजलं, सदरा भिजला, आणि ज्या गोष्टीसाठी जन्मभर पोरांना समज दिली तीच गोष्ट मांडीवर होताना समजसर म्हणत होते, "कर बाळा, कर. सगळी कर."

बंड्या वाचला. चार दिवस त्याला दवाखान्यात ठेवलं. सर रोज दोनदा यायचे, रांग न लावता. फिनेल बंद झालं. घरात वाळूचं घमेलं आलं आणि पाण्याच्या तीन वाट्या आल्या. पाटी कुणी काढली ते मी विचारलं नाही. वहीत मात्र नोंदी चालूच होत्या. एकदा हळूच डोकावलो तर लिहिलं होतं: 'सकाळी घमेल्यात. भरपूर. अभिनंदन केले.'

पुढं दोन महिन्यांनी दोघं कायमचेच लेकीकडं लातूरला निघाले. मी त्यांना सोडायला एसटी स्टँडवर गेलो. काकू वेताची पेटी मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या होत्या, आणि आतून बंड्या साऱ्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडत होता. सर खाली माझ्याजवळ थांबले. मग म्हणाले, "भास्कर, त्याच्या हातात नव्हतंच ना काही?"

"नाही सर."

"तुझं नाव बी असायचं वहीत." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "अंथरुणाचं. ते कवा बंद झालं रे?"

खोटं बोलता आलं असतं. पण इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही.

"तुमची बदली झाली ना सर, त्याच महिन्यात."

सर हसले. अगदी मोकळं हसले, मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. कंडक्टरनं घंटी दिली. सरांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळून म्हणाले, "त्याच्या आधी दोनदा आलती बदली. दोन्ही बारीला मीच अर्ज करून थांबवून घेतली. म्हणलं, मी गेलो तर ह्या लेकरांकडं कोण बघंल?"

गाडी हलली. मला मोठ्यानं हसू आलं, आणि ते पुरतं बाहेर पडायच्या आतच मी रडायला लागलो.