रघूचा सिनेमा, आत्याचं जेवण

‘माझा सिनेमा दाखवतायत. आत्याही येणार आहे,’ असा रघूचा फोन आला आणि मी तत्काळमध्ये चेन्नईचं तिकीट काढलं. रघू माझा जोडीदार. तो तिथे आयटीत, मी पुण्यात. त्याला लहानाचं मोठं केलं आत्यानं, पण तिच्या लेखी मी अजून ‘पुण्याचा मित्र’. सिनेमा दोन पुरुषांच्या प्रेमाचा. म्हणजे जे सांगायला आमची जीभ रेटली नाही, ते आत्या थेट पडद्यावर बघणार. तरीही दौंडला ऑम्लेट-पाव सोडला नाही.

चेन्नई सेंट्रलला रघू आला होता. तिथूनच आम्ही गुम्मिडिपूंडीची लोकल धरली, कारण सिनेमा त्या कारखान्यांच्या गावातला. तिकीट वडापावपेक्षा स्वस्त. पाणी मात्र सोबत घ्या, ऊन रग्गड. कारखान्यांच्या मागे कामगारांच्या खोल्या आहेत. सिनेमातल्या दोघांना अशाच खोलीत एक खाट. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. रघूनं शूटिंग केलं फक्त रविवारी, ऑफिसातले मित्र घेऊन. खोलीचे खरे भाडेकरू शेजारीच झोपलेले, त्यामुळे सगळे संवाद कुजबुजत.

‘लोक त्याला शैली म्हणतील,’ रघू म्हणाला. ‘म्हणू देत.’

दुसऱ्या दिवशी पेरुंगुडीत एका कॅफेच्या वरच्या हॉलमध्ये असे तीन सिनेमे दाखवले, सगळे पदरमोड करून केलेले. बाकीच्या दोनांत मासळीबाजारातले हमाल, एक म्हातारा शिंपी. जगानं कडेला सारलेली माणसं, पण काय हसतात, काय भांडतात! मला तेच फार आवडलं. आत्या रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत. रघूच्या सिनेमात रात्रपाळीवरून आलेला तो दुसऱ्याच्या मागे उरलेल्या उबेत, रिकाम्या खाटेवर आडवा होतो, तिथे तिनं चष्मा काढून पुसला. संपल्यावर एवढंच म्हणाली, ‘उद्या जेवायला या. दोघें.’ याचा अर्थ काय लावायचा, यावर आम्ही कॉफीवर कॉफी रिचवली.

वेस्ट मांबलमला जायचं तर मांबलम स्टेशनला उतरा, पुढे चालतच. आत्याचं घराणं तंजावरचं मराठी. सांबार, रसम, पायसम सगळं साग्रसंगीत. जमिनीवर शेजारी-शेजारी दोन केळीची पानं मांडलेली. सिनेमाबद्दल चकार शब्द नाही. मी आडवा हात मारला, आणि आवरायला मदत म्हणून पानाची खालची कड उचलून पलीकडे दुमडली. रघूचा चेहराच पडला. आत्यानं माझं मनगट धरलं.

‘असें नको, कण्णा, बाळा. तेराव्याच्या जेवणाला असें मिटतात. वरची बाजू आपल्याकडे ओढ. नव्या जोडप्याचें जेवण आहे हें.’

मी पान उलगडून आपल्याकडे मिटलं. रघू रडायला लागला.

‘तूं कां रडतोस? ताक वाढूं?’ आत्या म्हणाली.

पुण्याला परतल्यावर मित्रांनी विचारलं, समुद्र पाहिलास का? नाही, राहिलाच. पण मी इतका खूश आहे की ऑफिसात लोक कारण विचारतात. आमचं लग्न कायद्यात बसत नाही. पत्रिका नाही, अल्बम नाही. लग्नाचं जेवण मात्र झालंय.