आखरावरचं शेत

चिंतामण चांदूरकर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकाल आणि त्याला शिव्या घालत बसाल. अमरावतीला अंबागेटात घर, वडील भिक्षुकी करणारे. पोरानं वकील व्हावं ही त्यांची इच्छा. पोरगा इंटरला दोनदा आपटला आणि ग्रामसेवकाचं प्रशिक्षण घेऊन आला. वडील महिनाभर बोलले नाहीत. "सत्यनारायण सांगायचा सोडून आता शेणखत सांगत फिरणार का?" एवढंच एकदा जेवताना म्हणाले.

आणि खरंच तो शेणखत सांगत फिरला. बासष्ट साली त्याची नेमणूक तिवशाकडच्या बोरखेडला झाली. एक सायकल, एक खाकी पिशवी, पिशवीत पत्रकं. अकोल्याला संशोधकांनी जे शोधलं ते शेतकऱ्याच्या बांधावर पोचवायचं, हे त्याचं काम. ऐकायला काय छान! बांधावर पोचलं की शेतकरी म्हणायचा, "भाऊ, चहा घ्या अन् जा." कंपोस्टचे खड्डे खणा म्हटलं, लोक हसले. बियाला औषध चोळा म्हटलं, लोक हसले. चार वर्षं हसत होते. सव्विशीच्या माणसाला असं किती दिवस सहन होणार? रात्रंदिवस त्याच्या डोक्यात एकच, एकदा तरी हे लोक माझं ऐकून तोंडात बोट घालतील असं काहीतरी व्हावं.

तो राहायचा मैनाबाईच्या ओसरीवरच्या खोलीत. मैनाबाई विधवा, पोटी मूलबाळ नाही. चार एकर बरड जमीन, म्हणजे मुरमाड, पाणी न धरणारी, आणि दोन बैल. त्या जमिनीत ती गावरान ज्वारी पेरायची. दाणे बेताचेच, पण ताटं दीड पुरुष उंच. त्या कडब्यावर बैल उन्हाळा काढायचे. आणि बैल होते म्हणून शेत मैनाबाईचं होतं. एकट्या बाईचे बैल गेले की शेत पुतण्या वाहतो, आणि चार वर्षांनी त्या शेतावर तोच मालकासारखा उभा राहतो, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. पुतण्या होताच, सूर्यभान. येता-जाता बैलांच्या पाठीवर हात फिरवून विचारायचा, "काकू, आता म्हातारे झाले नाही का हे?"

सहासष्ट साली हायब्रीड ज्वारीचं बी आलं. बुटकी, शंभर दिवसांत येणारी. अकोल्याहून सोबत सूचना आली की गावातली मध्यम जमीन निवडा, एक एकरावर प्रयोग करा, आकडा कळवा. मध्यम, हे त्यात दोनदा लिहिलं होतं. चिंतामणनं ते वाचलं आणि तडक खुशालरावांकडे गेला.

खुशालराव गावातले मोठे. त्यांचं सडकेला लागून एक शेत होतं. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ते गावाचं आखर. सकाळी सगळ्या गावाची गुरं रानात न्यायच्या आधी तिथे जमायची, दुपारी तिथेच बसायची. पन्नास-साठ वर्षांचं शेण आणि मूत त्या मातीत जिरलेलं. पुढे अदलाबदलीत ते खुशालरावांकडे आलं. तिथे दगड पेरला असता तरी उगवला असता! हे चिंतामणला पक्कं माहीत होतं. त्यानं मनाची समजूत घातली की एकदा लोकांचा विश्वास बसू दे, मग पुढे सगळं नीट करू. अशी समजूत घालणारा तो काही पहिला नव्हता.

पीक आलं. बाप्पा, काय आलं! एकरी बावीस पोती. गावात चांगल्या जमिनीत सहा व्हायची. काढणीला सारा गाव लोटला, पंचायत समितीची जीप आली, अकोल्याहून गोपाळकृष्ण नावाचे तरुण संशोधक आले. खुशालरावांनी फेटा बांधला. सगळे मोठमोठ्यानं बोलत असताना गावची गुरं वळणारा नत्थुजी काठी टेकत पुढे आला.

"साहेब, हे बियाचं नोहे," तो म्हणाला. "अथी माही ढोरं बसत. हे शेणाचं पीक हाय."

गोपाळकृष्ण चिंतामणकडे वळले. "हे आखर होतं का?"

बस्स, एवढाच क्षण होता. होय म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण समोर तोंडात बोट घातलेला अख्खा गाव उभा होता आणि चार वर्षांत पहिल्यांदा कुणी हसत नव्हतं. चिंतामण म्हणाला, "फार जुनी गोष्ट साहेब. एखादा कोपरा असेल." मग गावाकडे तोंड करून मोठ्यानं, "नत्थुजी, हे विज्ञान आहे! यात जमिनीचं काही नाही, सगळी बियाची करामत!" लोक खो खो हसले. या वेळी नत्थुजीला.

गोपाळकृष्णांनी वहीत आकडा लिहून घेतला. महिनाभरात सडकेवर पत्र्याची पाटी लागली. खुशालरावांचं नाव, खाली 'एकरी बावीस पोती', त्याखाली 'मार्गदर्शक : ग्रामसेवक चिं. ग. चांदूरकर'. अमरावतीहून वडील खास एसटीनं पाटी पाहायला आले. पाटीसमोर उभं राहून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. चिंतामणला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आनंदानं नव्हे.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात हुकूम आला. बोरखेडला दोनशे एकर हायब्रीड पेरा. आणि गंमत बघा, आता कुणाला समजवावंच लागेना. जो तो बी मागत दारात.

एका दुपारी मैनाबाईनं त्याला भाकरी वाढली. पांढरीशुभ्र, मऊ. भटाचा पोर असूनही गेली दोन वर्षं तो तिच्याच हातचं खात होता, आणि अमरावतीला हे कुणाला ठाऊक नव्हतं. "आज भाकर फार गोड आहे, मैनामाय," तो म्हणाला.

ती खुशीत होती. "भाऊ, मले चारी एकराचं बी पायजे. समदं हायब्रीडच पेराचं हाय यंदा."

चिंतामणचा घास तोंडातच राहिला. तिच्या बरडावर हायब्रीड जेमतेम गुडघ्याएवढं वाढलं असतं. कडबा कुठला? तो घाईघाईनं म्हणाला, "नको, नको. एकच एकर पेर. बाकी तुझी गावरानच राहू दे."

"गावरान कुठी हाय आता?" ती हसली. "आढ्याले कनसं बांधून ठेवली होती ना बियाची, थे काल दळली. हायब्रीड पेराचं तं ठेवून काय करू? आता खाल्ली थे भाकर त्याचीच ना! बियाचा दाना निवडक असते, म्हनून गोड लागली तुमाले."

त्यानं आढ्याकडे पाहिलं. सुतळीचे तुकडे तेवढे लोंबत होते. ताटात अर्धी भाकरी उरली होती. ती टाकवेना आणि गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तो सायकल हाणत तालुक्याला गेला आणि साहेबांपुढे सगळं ओकून मोकळा झाला. साहेबांनी पंखा जवळ ओढला. "चांदूरकर, अहवालावर सही कोणाची?"

"माझी."

"मग खोटा अहवाल केला म्हणून लिहून देता का? देता तर कागद घ्या. नाहीतर दोनशे एकर पुरे करा. आणि एक सांगतो, तो आकडा आता तुमचा राहिलेला नाही. पार वर गेलाय."

तो कागद न घेता परत आला. हे मात्र मी त्याला माफ करणार नाही, तो कागद त्यानं घ्यायला पाहिजे होता. पण त्याच संध्याकाळी तो पारावर उभा राहिला, हेही सांगितलं पाहिजे. म्हणाला, "लोकहो, मी चुकलो. ते पीक आखराचं होतं. बरडावर असं येणार नाही. हलकी जमीन असेल त्यांनी गावरानच पेरा."

खुशालराव मिशीतून हसले. "बी कमी आलं वाटते."

पारावर हशा पिकला. "आखर तं आमालेबी ठाऊक हाय," कुणीतरी ओरडलं. "तवा तुमीच म्हनले ना, जमिनीचं काही नाही? तवा नत्थुजी येडा, अन् आता तुमी नत्थुजी!"

मागे बायकांत मैनाबाई उभी होती. तिचा चेहरा लालबुंद झाला. "खुशालरावच्या दारात जीप भरून बी नेलं," ती म्हणाली, "अन् गरिबाची पाळी आली तवा आखर आठवलं काय, भाऊ? माह्याच घरची भाकर खाऊन?"

नत्थुजीच्या घरी थोडं गावरान बी होतं. चिंतामणनं त्याच्या पाया पडून ते मागून आणलं आणि तिच्या पुढे ठेवलं. तिनं टोपलं पायानं सरकवलं. शेवटी त्यानं चार एकराचं हायब्रीड आपल्या हातानं मोजून तिच्या पदरात घातलं. दिलं नसतं तर ती म्हणाली तेच खरं ठरलं असतं.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. बरडावर ज्वारी गुडघ्याशीच थांबली. कणसं भरत आली आणि दसऱ्याच्या तोंडावर आठ दिवस पाऊस लागला. दाणे काळे पडले. खुशालरावांचीही काळवंडली, पण त्यांच्या दुसऱ्या शेतात उशिरा येणारी गावरान अजून उभी होती. मैनाबाईच्या खळ्यावर कडबा म्हणून जो जमला तो दोन बैलांना संक्रांतीपर्यंतही पुरला नाही. नत्थुजीनं कुठून कुठून पेंढ्या आणून दिल्या. चिंतामणनं सायकलच्या कॅरिअरवर गवत वाहिलं. बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या.

तेल्हाऱ्याहून मैनाबाईचा भाऊ महादेवराव आला. त्यांच्याकडे चारा होता, उन्हाळाभर बैल सांभाळतो म्हणाला. सूर्यभान तेवढ्यात येऊन सांगून गेला, "काकू, फिकर नको करू. पेरणी मी करून देतो तुह्यी." उन्हाळ्यानंतर बैल परत येतील का, हे मैनाबाईनंही विचारलं नाही आणि भावानंही सांगितलं नाही.

सडकेपर्यंत पोचवायला ती स्वतः दोर धरून निघाली. मागून चिंतामण, मान खाली घालून. दसऱ्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आखराच्या शेतापाशी महादेवराव थबकला. तो चौथी शिकलेला. पाटी त्यानं बोट फिरवत वाचली, मोठ्यानं.

"एकरी बावीस! बाप्पा! भाऊ, मार्गदर्शक मंजे तुमीच ना? तेल्हाऱ्याले भेटन का हे बी?"

मैनाबाई चिंतामणकडे पाहत राहिली. "सांगा ना," ती हळू आवाजात म्हणाली.

"महादेवराव, हे गावाचं आखर होतं," चिंतामण म्हणाला. "पीक शेणाचं आलं, बियाचं नाही. मी खोटं लिहिलं."

महादेवराव हसला. "बी द्याचं नसन तं सरळ नाही म्हना. आखर काहून मधात आनता?"

"खरं बोलून राहिले थे," मैनाबाई म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं, मैने? तुही जमीन बरड, म्हनून तुले पिकलं नाही. आमची काळी हाय." त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि विडीच्या पुड्यावर पाटीवरचा आकडा उतरवून घेतला. चिंतामणचं नाव त्यानं दोन वेळा विचारून लिहिलं.

मग तो निघाला. मैनाबाईनं दोर अजून सोडला नव्हता. भावानंच तो तिच्या हातातून काढून घेतला.