वसतिगृहासाठी केलेला नाच

अकोल्यात मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले आणि वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडेच आली. माझं घर अमरावतीला, मी एकटी, तेव्हा मुक्कामही वसतिगृहातच. वसतिगृह म्हणजे टिनाखालच्या दोन लांब खोल्या. एप्रिल-मेमध्ये मुली डोक्यावर ओलं फडकं घेऊन व्हरांड्यात अभ्यास करत. पक्की इमारत हवी म्हणून मदतीचा कार्यक्रम करायचं ठरलं, आणि मुंबईच्या एका बॅले मंडळानं बिदागीशिवाय यायचं कबूल केलं.

ही साठ सालानंतरची गोष्ट. बॅले म्हणजे नेमकं काय, हे आम्हा मास्तरणींनाही नीट ठाऊक नव्हतं. मंडळाच्या मुख्य बाई आठवडाभर आधीच आल्या. त्यांना एका नृत्यासाठी इथल्याच मुली हव्या होत्या. कापूस वेचणाऱ्या बायांचा एक दिवस; गाणं नाही, शब्द नाहीत, फक्त वाद्यं आणि शरीर. त्यांनी निवडलेल्या मुलींत नववीतली एक होती. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी ही पोर तालमीत मात्र सगळ्यांच्या पुढे असायची.

तिचे वडील बाळापूरजवळच्या खेड्यात प्राथमिक शाळेत गुरुजी होते. त्यांना कळलं तसे ते थेट वसतिगृहावर आले. पांढरा सदरा, पायजमा, हातात टोपी.

"बाई, माही पोरगी नाचनार नाई," ते म्हणाले.

"गुरुजी, चांगला कार्यक्रम आहे. याच मुलींच्या इमारतीसाठी आहे."

"असंन. पन माहा बाप तमाशात नाच्या होता. लुगडं नेसून नाचे. गावचे लोक बोलावत आन् त्याले जाच लागे. आमी धम्म घेतला त्या वर्षी त्यानं सोताच्या हातानं पायातले चाळ विहिरीत टाकले. आता मी पोरीले पुन्हा नाचाले लावू?"

मी मुलीला तालमीतून काढलं. ती रडली नाही, पण त्या संध्याकाळी जेवलीही नाही.

दोन दिवसांनी गुरुजी परत आले, या वेळी वडिलांना घेऊन. म्हातारा उंच, ताठ कण्याचा. घरी सगळं कळल्यावर त्यांनीच तालीम पाहायचा हट्ट धरला होता. आम्ही त्यांना खुर्ची दिली. बराच वेळ ते मुलींच्या वाकण्या-उठण्याकडे बघत होते. मग नातीला जवळ बोलावलं.

"तुले कोनी म्हनलं नाचाले?"

"कोनी नाई. मलेच वाटलं."

म्हातारा मुलाकडे वळला. "मले नाई म्हनाची सोय नव्हती. हिले हाये. हे हो म्हनून राहिली, तर तू काऊन अडवतं?"

गुरुजींनी टोपी डोक्यावर चढवली. म्हणाले, "नाचू द्या बाई. पन मी पाहाले येनार नाई."

कार्यक्रम शाळेच्या मैदानात झाला. पुढच्या रांगेत जिनिंगवाले, अडते, वकील सहकुटुंब. पहिल्या नृत्याच्या वेळी मागून कुजबूज आली, गाणं कधी सुरू होणार म्हणून. पण आमच्या मुली कमरेला कापसाची ओटी बांधून रंगमंचावर आल्या, आणि मागे शेतमजूर बायांच्या बाजूला एकदम शांतता झाली. ते वाकणं, बोंडातून बोटं काढणं, कमरेवर हात ठेवून क्षणभर सूर्याकडे बघणं त्यांच्या रोजच्यातलं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या एका अडत्याच्या बायकोनं पदरानं डोळे पुसले. म्हणाली, "माही माय अशीच उभी राहे."

नाच संपला, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या रांगेतले एक शेठ खूश होऊन नोट घेऊन पायऱ्या चढले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. कलाकाराला असंच देतात, एवढंच त्यांना माहीत. नोट त्यांनी नेमकी गुरुजींच्या मुलीपुढे धरली. मी उठून उभी राहिले. तिनं दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, वसतिगृहाच्या मदतीची पेटी बाहेर फाटकापाशी हाये."

लोक हसले. शेठही हसले, आणि खरोखरच उतरून फाटकाकडे गेले.

तेव्हा मला मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली गुरुजी दिसले. येणार नाही म्हणाले होते, पण आले होते आणि सगळा वेळ उभे होते. मी जवळ गेले.

"म्हाताऱ्यानं धाडलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "लहानपनी लोक माह्या बापाले टाळ्या वाजवत, तवा मी घरी पळून जाओ. आज पळावंसं नाई वाटलं."

पुढच्या उन्हाळ्यात इमारतीचं काम सुरू झालं. मुलगी मॅट्रिक होईपर्यंत दर गॅदरिंगला नाचली, मग अमरावतीला कॉलेजात गेली आणि नाच मागे पडला. तिला गणित आवडायला लागलं होतं. मुंबईच्या बाईंनी एकदा विचारणा केली, माझ्याकडे पाठवता का तिला म्हणून. सुटीत अमरावतीला गेले तेव्हा मी तिला विचारलं. ती सहज म्हणाली, "नाई बाई, आता नाई वाटत," आणि बीजगणिताचं पुस्तक उघडून बसली.