ओल खालून चढते

रंगाऱ्याने चाळीस वर्षं इस्पितळांच्या भिंती खरवडल्या आणि रंगवल्या. नखाने पोपडा उचलून तो सांगायचा, रंगाचे किती हात दिलेत आणि त्यांतला कुठला हात घाईत मारलाय.

त्याची लेक एका कंपनीत गोळीबाराच्या व्हिडिओ खेळांची चित्रं करायची. गेल्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, ओसाड इस्पितळ रंगवतेय. जुनी भिंत कशी खराब होत जाते, ते एकदा येऊन दाखवा ना."

"जन्मभर भिंती नीट केल्या मी. आता बिघडवायला शिकवू? आणि ज्याला गोळ्या झाडायच्यात, तो भिंत कशाला बघतोय?"

"बघतो, बाबा. बंदुका काय, सगळ्याच खेळांत असतात. भिंत खरी वाटली तरच भीती वाटते."

"ना अंगाला घाम, ना हाताला रंग. हे काय काम झालं?"

तिने पुन्हा विचारलं नाही.

खेळ बाजारात आला. सुटीच्या दुपारी जावयाने तो टीव्हीला जोडला. रंगारी पेपर वाचल्याचं सोंग घेऊन बसला. पडद्यावर इस्पितळाचा लांब बोळ, मिणमिणता दिवा, कुठेतरी ठिबकणारा नळ. एरवी धडाधड गोळ्या झाडणारा जावई पाऊल मोजून टाकत होता. पेपर कधी मांडीवर आला, रंगाऱ्याला कळलंच नाही.

"जावईबापू, थांबा. त्या भिंतीपाशी न्या."

वर पोपडे सुटलेले, रंगाचा एकेक हात वेगळा दिसत होता. पोरीने जीव ओतला होता. पण खाली, कमरेपर्यंतचा ऑइलपेंटचा पट्टा नवाकोरा.

"उलटं झालंय," तो पुटपुटला. "ओल खालून चढते. आधी पट्टा फुगतो."

"मेलो," जावई म्हणाला. "भिंत बघत उभं राहिलं की असं होतं, बाबा."

लेक भाजी निवडत होती. "मी अंदाजाने केलं," ती म्हणाली.

"आता बदलता येईल?"

"ते काम केव्हाच संपलं. आता आम्ही अंतराळातला खेळ करतोय. तिथं ओल नसते."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अंतराळात रंग कसा उडतो, हे रंगाऱ्याला तिला विचारायचं होतं. त्याने चष्मा पुसला.

"पुन्हा सुरू करा," तो जावयाला म्हणाला. "आणि ह्या खेपेला लगेच मरू नका. मला सगळी भिंत बघायचीय."