फळीखालची खोली

ज्योतीराम बाबर मोजकं बोलायचा, आणि त्या मोजक्या बोलण्यानंच त्याचा घात झाला. घात करणारा मी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणावर चिडायचं ते तुम्हाला शोधत बसायला नको.

सन अठ्ठावन्न. चिंचवडला आमच्या कारखान्याची वसाहत नुकती उभी राहिली होती आणि मी तिच्या कचेरीत कारकून होतो. साहेबांनी मोठ्या हौसेनं पोहण्याचा तलाव बांधला होता. सूर मारायला उंच फळी, कपडे बदलायला आडोसा, सगळा थाट. पवना नदी हाकेच्या अंतरावर असताना माणसं सिमेंटच्या हौदात कशाला पोहतात हे गावकऱ्यांना कळत नव्हतं. खरं तर मलाही नाही. पण सरकारी दाखल्याशिवाय त्यात पाणी सोडता येईना, आणि दाखल्यासाठी तलाव तपासायला आला तो हा ज्योतीराम, सरकारी ओव्हरसियर.

दोन वर्षं तो नवाबच्या सायकलींच्या दुकानात मागच्या बाजूला राहत होता. राहत होता म्हणजे टायरांच्या ढिगात एक खाट होती, तिच्यावर निजत होता. बायको मंजुळा रहिमतपूरला. लग्नाला अकरा वर्षं झालेली, पण दोघं एका छपराखाली राहिली असतील जेमतेम वर्षभर. बदली, जागा नाही, पुन्हा बदली. तिची पत्रं शाळेतले मास्तर लिहून देत, त्यामुळं पत्रात खुशाली असायची, मंजुळा नसायची. रविवारी हा गडी पवनेवर आपले कपडे धुवायचा आणि ते वाळेपर्यंत तिथंच बसून राहायचा. मी जाता-येता पाहायचो. एकदाही जवळ जाऊन बसलो नाही, त्याची आज लाज वाटते.

तपासणीच्या दिवशी त्यानं वहाणा काढल्या आणि कोरड्या तलावात उतरला. पायऱ्या, कठडा, तळाची जाळी, फरशी पायाखाली घसरते का, सगळं बघून दोन तासांनी वर आला. मी विचारलं, "काय राव, झालं मनासारखं?"

"बाकी झ्याक हाय. खोली कमी हाय."

त्याला बोलवायला सकाळी मीच दुकानात गेलो होतो, तेव्हा ती खाट पाहिली होती. मला वाटलं, सरळ मागायला संकोचतोय, म्हणून आडून सुचवतोय. सरकारी माणूस सुचवतो तेव्हा ऐकावं, एवढी अक्कल मला होती. "वाढवून देऊ की, त्यात काय," मी म्हणालो. तो समाधानानं गेला.

आठ दिवसांनी वसाहतीतल्या एका रिकाम्या बिऱ्हाडाची किल्ली घेऊन मी दुकानात हजर.

"वाढवली?" त्यानं विचारलं.

"दोन खोल्या, शिवाय स्वयंपाकघर."

त्यानं किल्ली हातात घेऊन उलटीपालटी केली. मग हसला. दोन वर्षांत मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. "सोपानराव, मी तलावाची खोली म्हणलो हुतो."

मीही हसलो, पण किल्ली मागं घेतली नाही. आणि त्यानंही परत केली नाही. संध्याकाळी तो जागा पाहून आला आणि नवाबकडून पोस्टकार्ड मागून घेतलं. मजकूर ओळीभराचा: जागा मिळाली, ये.

दाखल्यावर सही करायच्या दिवशी मात्र तो पुन्हा तलावात उतरला. नकाशात फळीखाली नऊ फूट होते, प्रत्यक्षात साडेसहा. खणताना काळा कातळ लागला तसे ठेकेदारानं हात झटकले होते. ज्योतीराम फळीखाली उभा राहिला आणि हात वर केला. बोटं पाणी भरायच्या रेषेच्याही वर आली.

"वरनं सूर मारंल त्याची मान मोडंल."

"कोण मारतंय?" मी म्हणालो. "तुम्ही तुमच्या संसाराचं बघा."

"तेच बघतोय दोन दिस. न्हाई जमत."

दाखला देता येत नाही, असं त्यानं कागदावर लिहिलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. मंजुळेला दुसरं कार्ड टाकलं, पण ते पोचायच्या आत ती निघाली होती.

इकडं साहेब माझ्यावर उखडले. कातळाला सुरुंग लावावा तर तलावच फुटायचा. तेव्हा मला सुचलं, फळीच काढली तर? चार नट, एक पाना, अर्ध्या तासाचं काम. फळी नाही तर सूर नाही, आणि नुसतं पोहायला साडेसहा फूट पुष्कळ. ज्योतीरामनं येऊन पाहिलं आणि सही केली. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि ते रिकामं बिऱ्हाड मलाच दिलं. मी नको म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ज्योतीरामनं मला चिंचवड स्टेशनवर सोबत बोलावलं. मंजुळा येतेय, तिला एकट्यानं सांगायचा धीर होत नाही, म्हणाला. मंजुळाबाई गाडीतून उतरल्या. धाकट्या दिरानं त्यांना पुण्याला गाडीत बसवून दिलं होतं. वळकटी, तवा, पोळपाट आणि फडक्यात बांधलेला एक डबा. बाकावर बसवून त्यानं त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग ती फळी आधीच का न्हाई काढाय सांगितली?"

"मला सुचलं न्हाई."

"कुणाला सुचलं?"

"ह्यांना," त्यानं माझ्याकडं पाहिलं. "जागा बी आता ह्यांनाच मिळाली."

मी शिव्यांची वाट बघत होतो. मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईंनी डबा मांडीवर घेतला. मग फडक्याची गाठ सोडून त्यांनी डबा माझ्यापुढं धरला.

"रव्याचं लाडू हायत, भावजी. नव्या घरात रिकाम्या हातानं शिरू नये."

मी डबा घेतला. दुपारच्या गाडीनं दोघं पुण्याकडं निघाली, तो तिला रहिमतपूरच्या गाडीत बसवून द्यायला. तवा आणि पोळपाट त्यानं मांडीवर घेतले होते.