चंद्रीचा बाप

आमच्या एरंडोलच्या शाळेतले आम्ही तिघं अजून भेटतो. मी आणि मंगला जळगावला, प्रकाश धुळ्याला. भेटलो की चहा गार होतो आणि किस्से निघतात. नवरा म्हणतो, "तेच तेच काय सांगता गं एकमेकांना?" त्याला काय सांगू! त्याच किश्शांना दर वर्षी नवं काहीतरी चिकटतं. यंदा तर असं चिकटलंय, की सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

*

सातवीत शनिवारचा शेवटचा तास आमच्या मराठीच्या सरांचा. सर एक कादंबरी वाचून दाखवायचे. पुस्तकाला कव्हर नाही, पहिली पानं गायब, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही. आम्ही तिला 'बिनकव्हराची' म्हणायचो. तास संपला की सर पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावायचे. हातात म्हणून मिळायचं नाही!

गोष्ट चंद्री नावाच्या पोरीची. तिचा बाप लाल मफलर गुंडाळून कामाला परगावी गेलेला. चंद्री रोज संध्याकाळी एस.टी. स्टँडवर जाऊन त्याची वाट बघते. महिनोन्‌महिने. आमचा जीव नुसता टांगणीला! शेवटच्या शनिवारी सरांनी वाचलं, "एस.टी. थांबली. आधी दारात लाल मफलर दिसला, मग बाप उतरला."

अख्खा वर्ग ओरडला, "आला!"

प्रकाश तर बाकावर चढला. हेडमास्तर धावत आले, त्यांना वाटलं वर्गात साप निघाला!

*

त्यानंतर आम्हाला येडच लागलं. शाळा सुटली की स्टँडवर जायचं आणि उतरणाऱ्या माणसांच्या गळ्याकडे बघायचं. कंट्रोलर वैतागला. "कुणाला न्यायला येता रे रोज?"

प्रकाश म्हणाला, "चंद्रीच्या बापाला!"

"कोण चंद्री? कुठल्या गाडीने येणारे?"

आम्ही पळालो. मंगला तेवढी पळाली नाही. ती सुरतेची गाडी येईपर्यंत थांबली.

मंगलाचे वडील त्याच वर्षी सुरतेला गिरणीत कामाला गेले होते. सुरुवातीला निरोप यायचा, मग तोही बंद झाला. गावातली माणसं जाऊन शोधून आली. कुणी म्हणे मुंबईला गेले, कुणी म्हणे आजारी होते. कुणालाच धड काही कळलं नाही. ते परत आले नाहीत.

*

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. मंगलाच्या आईने नवऱ्याच्या नावाने घागर कधी भरू दिली नाही. जिवंत माणसाची घागर कशी भरायची? कपाळावरचं कुंकू तिने शेवटपर्यंत पुसलं नाही. गेल्या वर्षी ती गेली, कुंकवासकट.

यंदा मंगलाचा भाऊ रमेश फोनवर म्हणाला, "अक्का, आईची पहिली घागर शे. आबांचीबी सोबत भरी टाकू. किती वरीसं झाली!"

मी तिच्या शिलाईच्या दुकानातच बसले होते. मंगलाने कात्री आपटली.

"मना बाप मरेल नही शे! घागर भरशी तर मी येणार नही माहेरले!"

एरवी शहरी बोलणारी मंगला चिडली की थेट अहिराणीत शिरते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रमेशने बिचाऱ्याने एकट्या आईचीच घागर आणली.

*

त्यानंतर आठवड्याभरातच प्रकाशचा फोन. नुसता किंचाळत होता. "अगं, बिनकव्हराची सापडली! धुळ्यात नाटक लागलंय! बोर्डावर लिहिलंय, स्टँडवर बापाची वाट बघणारी चंद्री!"

आखाजीच्या दोन दिवस आधीचा प्रयोग. मंगलाने ठेवणीतली पैठणी काढली. मी म्हटलं, "लग्नाला निघालीस का गं?"

म्हणाली, "चंद्रीचा बाप येणार आहे, असंच जाऊ का?"

नाटक फार सुंदर केलं होतं पोरांनी. एक बाकडं, एक कंदील, आणि झालं स्टँड! आम्ही तिघं हात धरून बसलो होतो. शेवटची एस.टी. आली. हॉर्न वाजला. प्रकाश "आला!" म्हणायला तोंड उघडून तयार.

कुणीच उतरलं नाही. चंद्री उठली, बाकडं पुसलं, कंदील विझवला आणि घरी गेली. पडदा.

टाळ्यांमध्ये मंगला उभी राहिली. "बठ्ठं खोटं शे हे! सगळं खोटं!"

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मला लाज वाटली नाही. मलाही तेच ओरडायचं होतं.

*

आम्ही तडक रंगपटात. दिग्दर्शक म्हणजे पंचविशीतलं पोरगं, तोंडाला रंग, हातात वडापाव. प्रकाशने त्याला धरलंच. "शेवट का बदलला? तुम्हाला हक्क कुणी दिला? आमच्या सातवीच्या वर्गाला विचारलं का?"

पोरगं गांगरलं. "काका, आम्ही एक ओळ बदललेली नाही."

त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. कव्हर असलेलं! शेवटचं पान उघडून प्रकाशच्या हातात दिलं. प्रकाशने वाचलं, मग मी वाचलं. बाकडं, कंदील, चंद्री घरी. बाप नाहीच.

"पण सरांनी तर..." प्रकाश म्हणाला आणि त्याने मंगलाकडे बघितलं.

मंगलाने पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग पोराला विचारलं, "हे पुस्तक उद्यापुरतं देशील का, भाऊ?"

*

सकाळी प्रकाशच्या गाडीने पारोळ्यावरून एरंडोलला सरांच्या घरी आलो. दुसऱ्या दिवशी आखाजी.

सर आता पार थकलेत. ओट्यावर खाटेवर पडून होते. पुस्तक हातात घेऊन त्यांनी कव्हरावरून हात फिरवला. "अरे वा, याला कव्हरपण असतं होय!"

प्रकाशने विचारायला तोंड उघडलं. मी त्याला चिमटा काढला.

मंगला ओट्याच्या पायरीवर बसली. "सर, शेवटचं पान वाचून दाखवता?"

सरांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "पुढच्या बाकावरची मंगला ना तू?"

"हो सर."

सरांनी चष्मा लावला. पान शोधलं. ओळीखालून बोट फिरवत, सावकाश, शाळेतल्या त्याच आवाजात वाचायला लागले. चंद्री बाकड्यावर बसली. हॉर्न वाजला. "एस.टी. थांबली. आधी दारात लाल मफलर दिसला, मग बाप उतरला..."

छापलेलं संपलं. सरांनी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. सर वाचतच होते. बापाने चंद्रीला विचारलं, जेवलीस का. तिचं दप्तर खांद्यावर घेतलं. दोघं घरी निघाली.

माझ्याशेजारी प्रकाश अगदी हळू म्हणाला, "आला."

मंगला सरांच्या पाया पडली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

निघालो. रमेशच्या घराकडे वळताना मंगला म्हणाली, "प्रकाश, कुंभाराकडे थांब."

मी म्हटलं, "अगं, आईची घागर आणलीय ना रमेशने?"

"आणलीय."

ती उतरली. उन्हात उभी राहून एकेक घागर टिचकी मारून बघत होती. एक पसंत केली, पदराने पुसली आणि मांडीवर घेऊन गाडीत बसली. प्रकाशने गाडी सुरू केली. पुढे रस्त्याला खड्डे होते.

"हळू चालव रे," मंगला म्हणाली. "आबांची आहे."